काउतोकेइनो : रेनडिअरच्या वाटेवरची पालिका

नॉर्वेच्या नकाशात अगदी उत्तरेकडे, फिनलंडच्या सीमेला टेकलेला एक विस्तीर्ण प्रदेश दिसतो. त्यावर गावांची नावे मोजकीच आहेत आणि रस्ते त्याहून कमी. हीच काउतोकेइनो पालिका. क्षेत्रफळ ९,७०७ चौरस किलोमीटर. क्षेत्रफळाच्या दृष्टीने ती नॉर्वेतील सर्वांत मोठी पालिका आहे. लोकसंख्या मात्र सुमारे २,९००. म्हणजे सरासरी तीन चौरस किलोमीटरमागे एक माणूस. राजधानी ऑस्लोची पालिका क्षेत्रफळाने हिच्या एकविसाव्या हिश्शाएवढीही नाही आणि तेथे सात लाखांहून अधिक लोक राहतात. एवढी विरळ वस्ती पाहून हा भूभाग ओसाड आहे असे वाटणे स्वाभाविक आहे. गेल्या पावणेदोनशे वर्षांत सरकारी अधिकारी, वीज अभियंते आणि खाण कंपन्या यांनाही वेळोवेळी तसेच वाटले. त्या प्रत्येक वेळी येथील माणसांनी या समजाला हरकत घेतली. काउतोकेइनोचा इतिहास हा बऱ्याच अंशी त्या हरकतींचा इतिहास आहे.

'पालिका' या शब्दाने आपल्याकडील वाचकाच्या डोळ्यासमोर शहर येते, म्हणून थोडा खुलासा आवश्यक आहे. नॉर्वेत शहर आणि खेडे असा भेद न करता सर्वत्र एकाच दर्जाची स्थानिक स्वराज्य संस्था असते. तिला 'कोम्मुने' म्हणतात. प्राथमिक शाळा, दवाखाना, वृद्धांची देखभाल, पाणीपुरवठा ही कामे तिच्याकडे असतात. काउतोकेइनोच्या कोम्मुनेत याच नावाचे मुख्य गाव आहे. एकूण रहिवाशांपैकी निम्मे तेथेच राहतात. मासी, मिएरोन यांसारखी उरलेली गावे व वस्त्या नदीकाठी किंवा तळ्यांच्या कडेने विखुरलेल्या आहेत. समुद्राकडे जाणारा रस्ता उत्तरेला आल्ता शहरापर्यंत सुमारे १३० किलोमीटर जातो. शेजारच्या कारासयोकला जायचे तरी जवळपास तेवढेच अंतर कापावे लागते.

गावाचे मूळ नाव सामी भाषेत 'गुओव्दागेआइद्नु' असे आहे. 'गुओव्दा' म्हणजे मध्य आणि 'गेआइद्नु' म्हणजे वाट. वाटेच्या मधला मुक्काम असा त्याचा अर्थ लावला जातो, आणि हे नाव येथील जीवनाला तंतोतंत लागू पडते. १९८७ मध्ये या सामी नावाला नॉर्वेजियन नावाच्या बरोबरीने अधिकृत दर्जा मिळाला. सामी नाव अधिकृतपणे धारण करणारी ही नॉर्वेतील पहिली पालिका होय.

आठ ऋतूंचे वर्ष

सामी हे नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड यांचा उत्तर भाग व रशियाचे कोला द्वीपकल्प येथील मूळ रहिवासी. जुन्या पुस्तकांत त्यांना 'लॅप' म्हटलेले आढळते. तो शब्द त्यांना अवमानकारक वाटतो आणि आता तो मागे पडला आहे. चार देशांत पसरलेल्या आपल्या भूमीला ते 'साप्मी' म्हणतात. काउतोकेइनोत सुमारे नव्वद टक्के लोक सामी बोलतात. दुकानात, शाळेत आणि पालिकेच्या सभेतही हीच भाषा चालते. अन्यत्र अल्पसंख्य असलेला हा समाज येथे बहुसंख्य आहे.

सर्वच सामी रेनडिअर पाळत नाहीत. किनाऱ्यावरचे सामी पूर्वापार मासेमारी करत आले आणि नदीकाठी थोडीबहुत शेती व गुरे सांभाळणारेही आहेत. काउतोकेइनो मात्र रेनडिअरपालनाचे प्रमुख केंद्र आहे. पालिकेच्या हद्दीत हिवाळ्यात माणसांच्या कित्येक पट रेनडिअर असतात. नेमका आकडा कुणा पशुपालकाला विचारू नये. 'तुमच्या खात्यात किती पैसे आहेत' असे विचारण्यासारखे ते उद्धटपणाचे समजले जाते.

या व्यवसायाचा गाभा म्हणजे स्थलांतर. काउतोकेइनोचे पठार समुद्रापासून दूर असल्याने येथील हिवाळा कोरडा आणि कडाक्याचा असतो. जानेवारी १९९९ मध्ये पारा उणे ५० अंशांच्याही खाली गेला होता. नोव्हेंबरअखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. माणसाला ही थंडी असह्य वाटेल, पण रेनडिअरला ती सोयीची असते. कोरडा भुसभुशीत बर्फ खुराने उकरता येतो आणि त्याखालचे दगडफूल खाता येते. वसंतात, एप्रिलच्या सुमारास, कळप किनाऱ्याकडे आणि किनाऱ्याजवळच्या बेटांकडे निघतात. मे महिन्यात पाडसे जन्मतात. उन्हाळ्यात तेथे हिरवा चारा भरपूर मिळतो, समुद्रावरील वाऱ्यामुळे डासांचा त्रासही कमी होतो. पाडसांच्या कानांवर मालकाची खूण कोरण्याचे काम याच दिवसांत चालते. शरद ऋतूत कळप पुन्हा पठारावर परततात. ही ये-जा शेकडो किलोमीटरची असते. सामी वर्ष चार नव्हे तर आठ ऋतूंचे मानतात ते या चक्रामुळेच.

कळपांची व्यवस्था 'सीइदा' या पारंपरिक गटाकडे असते. काही कुटुंबे एकत्र येऊन कुरण, कामे आणि जबाबदारी वाटून घेतात. जनावरे मात्र प्रत्येकाच्या मालकीची स्वतंत्र. बर्फाखालील चारा जनावराला मिळू शकतो की नाही या स्थितीला सामी भाषेत 'गुओह्तुन' असा स्वतंत्र शब्द आहे आणि ती स्थिती पूर्ण बिघडलेल्या हिवाळ्याला 'गोआव्वी' म्हणतात. हिवाळ्यात मध्येच पाऊस पडला किंवा बर्फ वितळून पुन्हा गोठला, की जमिनीवर बर्फाचे कवच तयार होते आणि चारा त्याखाली कुलूपबंद होतो. तापमानवाढीमुळे असे प्रसंग वाढण्याची चिंता पशुपालकांना आहे. २०२० च्या हिवाळ्यात फिनमार्क आणि त्रोम्स या भागांत विक्रमी बर्फामुळे चाऱ्याचे संकट ओढवले. त्या वेळी कळपांना बाहेरून चारा पुरवावा लागला होता.

सारांश, लोकसंख्येच्या तक्त्यात रिकामी दिसणारी ही जमीन वर्षाच्या ठरावीक काळात पूर्णपणे वापरात असते. हिवाळी कुरण उन्हाळ्यात मोकळे दिसते, कारण ते पुढच्या हिवाळ्यासाठी राखलेले असते. ही साधी गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येण्यास फार वेळ लागला.

सीमा आल्या, वाट अडली

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत या भागातून राज्यांची सीमाच आखलेली नव्हती. काउतोकेइनोवर तेव्हा स्वीडनचा अंमल होता आणि १७०१ ते १७०३ या काळात येथील पहिले चर्च स्वीडननेच बांधले. १७५१ च्या करारानुसार सीमा निश्चित झाली आणि काउतोकेइनो डेन्मार्क-नॉर्वेच्या राज्यात आले. या कराराला एक पुरवणी जोडण्यात आली. सामींना आपल्या कळपांसह पूर्वीप्रमाणे सीमेपलीकडे ये-जा करण्याचा हक्क तीत मान्य केला होता. दोन राजांनी आपापसांत जमीन वाटून घेताना तिसऱ्याच्या वाटेचा विचार करावा, ही त्या काळात असामान्य गोष्ट होती. सामी हक्कांच्या चर्चेत आजही या पुरवणीचा दाखला दिला जातो.

शंभर वर्षांनी ही सवलत एका बाजूने संपली. फिनलंड तोवर रशियाच्या झारच्या ताब्यात गेले होते. रशिया आणि नॉर्वे यांच्यातील वाटाघाटी फिसकटल्या आणि १८५२ मध्ये ही सीमा रेनडिअरसाठी बंद झाली. काउतोकेइनोच्या अनेक कुटुंबांची हिवाळी कुरणे एका फटक्यात परदेशात गेली.

त्याच वर्षी ८ नोव्हेंबर रोजी काउतोकेइनोत उठाव झाला. त्याचे तात्कालिक कारण धार्मिक होते. सीमेपलीकडे कारेसुआंदो येथे पाद्री लार्स लेव्ही लेस्ताडियस यांनी सुरू केलेल्या धर्मजागृतीचा सामींवर मोठा प्रभाव पडला होता आणि दारूबंदी हा तिचा प्रमुख आग्रह होता. गावातील व्यापारी मात्र दारू विकत असे आणि उधारीत अनेकजण बुडाले होते. काही अनुयायांना चर्चमधील गोंधळाबद्दल शिक्षाही झाल्या होत्या. स्त्री, पुरुष व मुले मिळून सुमारे ३५ जणांच्या गटाने त्या दिवशी गावावर चाल केली. त्यात व्यापारी कार्ल योहान रुथ आणि शासकीय अधिकारी लार्स योहान बुख्त ठार झाले, पाद्री फ्रेडरिक ह्वोस्लेफ यांना फटके मारण्यात आले, व्यापाऱ्याचे घर जाळण्यात आले. शेजारच्या वस्तीतील सामींनीच येऊन उठावकऱ्यांना आवरले. त्यामुळे या घटनेला 'सामी विरुद्ध नॉर्वेजियन' एवढ्याच चौकटीत बसवता येत नाही. धर्म, कर्ज, दारू आणि बंद झालेली सीमा यांपैकी कशाचा वाटा किती, याबद्दल अभ्यासकांत आजही मतभेद आहेत.

शिक्षा कठोर झाल्या. १४ ऑक्टोबर १८५४ रोजी आस्लाक हेत्ता आणि मोन्स सोम्बी या दोघांचा आल्ता येथे शिरच्छेद करण्यात आला. देह दफन झाले, पण मस्तके 'शास्त्रीय अभ्यासा'साठी राजधानीतील विद्यापीठाच्या शरीरशास्त्र संस्थेकडे पाठवली गेली. त्या काळात मानववंशांची उच्चनीचता कवट्या मोजून ठरवण्याचा प्रघात होता. दोघांच्या वंशजांनी आणि सामी समाजाने पुढे या कवट्यांची मागणी लावून धरली. त्या अखेर १९९७ मध्ये आल्ताजवळील कोफ्योर्ड येथे पुरण्यात आल्या. मृत्यू आणि दफन यांत १४३ वर्षांचे अंतर पडले.

या प्रकरणाला एक वेगळी बाजूही आहे. उठावात सहभागी असलेल्या अठरा वर्षांच्या लार्स हेत्ता याची फाशी रद्द होऊन त्याला तुरुंगवास झाला. कैदेत असताना त्याने बायबलच्या सामी अनुवादाचे काम केले. १८९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संपूर्ण सामी बायबलमध्ये त्याच्या परिश्रमाचा मोठा वाटा आहे.

त्यानंतरचा काळ भाषेच्या गळचेपीचा होता. सामींना नॉर्वेजियन बनवण्याचे धोरण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पक्के झाले. १८९८ च्या आदेशाने शाळेत सामी भाषेचा वापर जवळपास बंद केला. १९०२ च्या कायद्याने फिनमार्कमध्ये सरकारी जमीन विकत घेण्यासाठी नॉर्वेजियन भाषा येण्याची अट घातली. मुले निवासी शाळांत गेली आणि घरची भाषा विसरून परतली. किनाऱ्यावर या धोरणाने सामी भाषा जवळपास पुसून टाकली. काउतोकेइनोत ती टिकली, त्याला या गावाचे दूर असणेच बहुधा उपयोगी पडले. दुसऱ्या महायुद्धात माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने १९४४ मध्ये फिनमार्क जाळत नेले. त्यात येथील जुने चर्चही गेले. सध्याचे चर्च १९५८ चे आहे.

धरण झाले, मासी वाचले

काउतोकेइनो जगाला माहीत झाले ते एका धरणामुळे. पालिकेतून वाहणारी नदी पुढे आल्ता नदी म्हणून समुद्राला मिळते. १९७० च्या सुमारास नॉर्वेच्या जलविद्युत खात्याने या नदीवर मोठ्या धरणाची योजना आखली. मूळ आराखड्यात मासी हे सामी गाव पूर्णपणे पाण्याखाली जाणार होते. १९७० मध्ये संसदेची समिती पाहणीसाठी मासीत आली, तेव्हा गावकऱ्यांनी 'आम्ही आधी आलो' असे फलक घेऊन तिचे स्वागत केले. १९७३ मध्ये मासीला संरक्षण मिळाले आणि गाव योजनेतून वगळले गेले. योजना मात्र रद्द झाली नाही. लहान स्वरूपात ती कायम राहिली आणि नोव्हेंबर १९७८ मध्ये संसदेने, म्हणजे स्टोर्टिंगने, तिला मंजुरी दिली.

विरोधक दोन प्रकारचे होते. आल्तातील अनेकांना सामन माशांची नदी आणि दरीचे निसर्गवैभव वाचवायचे होते. रेनडिअरपालकांचा आक्षेप स्थलांतराच्या वाटा व पाडसे जन्मण्याच्या जागा यांवर होणाऱ्या परिणामांबद्दल होता. शिवाय सामींना न विचारता सामींच्या भूमीबद्दल निर्णय घेण्याचा अधिकार कोणाला, हा मूळ प्रश्न होताच. १९७९ च्या उन्हाळ्यात आंदोलकांनी रस्त्याच्या कामावर ठाण मांडले. ऑक्टोबरमध्ये सामी तरुणांनी ऑस्लोत संसदेसमोर 'लाव्वो' हा पारंपरिक तंबू उभारून उपोषण केले. देशाच्या मुख्य चौकात उभा राहिलेला तो तंबू वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर गेला. सामींचा प्रश्न दूरच्या उत्तरेतील स्थानिक बाब राहिली नाही ती तेव्हापासून.

१९८० मध्ये हेग येथे झालेल्या युरोव्हिजन गीतस्पर्धेत नॉर्वेने पाठवलेले गाणे याच आंदोलनाविषयी होते. स्वेरे शेल्सबर्ग यांच्या जोडीला त्यात मासी येथील मात्तिस हेत्ता यांनी 'योइक' हे सामी पारंपरिक गायन सादर केले. १४ जानेवारी १९८१ रोजी, कडाक्याच्या थंडीत, स्तिल्ला येथे स्वतःला साखळ्यांनी बांधून घेतलेल्या आंदोलकांना हटवण्यासाठी सुमारे ६०० पोलीस आणण्यात आले. नॉर्वेच्या एकूण पोलीस दलाच्या सुमारे एक दशांश एवढी ही संख्या होती. पुढच्याच महिन्यात १४ सामी महिलांनी नुकत्याच पंतप्रधान झालेल्या ग्रो हार्लेम ब्रुंटलांड यांच्या कार्यालयात ठिय्या दिला. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने योजना वैध ठरवली आणि १९८७ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली.

धरणाची लढाई अशी हरली गेली. परंतु सरकारला सामी हक्कांचा विचार करण्यासाठी समिती नेमावी लागली आणि त्यातून पुढची सर्व पावले पडली. १९८७ चा सामी कायदा, १९८८ ची घटनादुरुस्ती आणि १९८९ मध्ये राजे ओलाफ पाचवे यांच्या हस्ते उद्घाटन झालेली सामी संसद. ही संसद शेजारच्या कारासयोक येथे आहे. तिचे पहिले अध्यक्ष ओले हेन्रिक मागा हे मात्र काउतोकेइनोचे. भाषाशास्त्रज्ञ असलेले मागा २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासीविषयक स्थायी मंचाचे पहिले अध्यक्ष झाले. १९९० मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या आदिवासी हक्कविषयक १६९ व्या कराराला मान्यता देणारा नॉर्वे हा पहिला देश ठरला. १९९७ मध्ये राजे हाराल्ड पाचवे यांनी सामींवरील अन्यायाबद्दल क्षमा मागितली. २००५ च्या फिनमार्क कायद्याने या जिल्ह्यातील सुमारे ९५ टक्के जमीन सरकारकडून काढून एका स्वतंत्र संस्थेकडे सोपवली. तिच्या संचालक मंडळात जिल्हा परिषद आणि सामी संसद यांचे प्रतिनिधी समसमान असतात. तरीही मालकीचा प्रश्न पुरता सुटलेला नाही. कारासयोकच्या जमिनीवर तेथील रहिवाशांची सामूहिक मालकी असल्याचा दावा सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये फेटाळला.

कुरण किती, जनावरे किती

नवे वाद जुन्याच मुद्द्यावर येऊन थांबतात. पालिकेच्या हद्दीतील बिएद्योवाग्गी येथे पूर्वी सोन्या-तांब्याची खाण चालत असे. ती पुन्हा सुरू करण्याचा प्रस्ताव एका कंपनीने आणला, तेव्हा पालिकेने त्याला २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये नकार दिला. रोजगाराची गरज असलेल्या गावात हा निर्णय एकमताने होणे शक्य नव्हते. येथील स्थानिक राजकारणात भटक्या पशुपालकांची आणि स्थायिक सामींची अशा स्वतंत्र निवडणूक याद्या असतात, हे बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. दोन्हीकडे सामीच, पण जमिनीकडे पाहण्याची दृष्टी एक नाही.

दुसरा वाद कळपांच्या आकाराचा. कुरणांवर अतिचराई होत असल्याचे कारण देऊन सरकारने २००७ च्या कायद्यानुसार कळप कमी करण्याचे आदेश दिले. एका तरुण पशुपालकाला ११६ जनावरांवरून ७५ वर येण्यास सांगण्यात आले. एवढ्यात व्यवसाय चालणार नाही, असे म्हणत तो न्यायालयात गेला. खालच्या दोन न्यायालयांत तो जिंकला आणि डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरला. काउतोकेइनोत राहणारी त्याची बहीण मारेत आन्ने सारा चित्रकार आहे. तिने गोळीची भोके असलेल्या ४०० रेनडिअर कवट्यांचा पडदा संसदेसमोर टांगला. ही कलाकृती आता ऑस्लोच्या राष्ट्रीय संग्रहालयात असून २०२५ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमधील भव्य टर्बाइन दालन सारा यांच्याच कामासाठी देण्यात आले. सरकारची बाजू अगदीच निराधार म्हणता येणार नाही, कारण कुरणाला मर्यादा आहेत. पण ती मर्यादा ठरवताना रस्ते, वीजवाहिन्या आणि खाणींनी आधीच व्यापलेली कुरणे हिशेबात घेतली जात नाहीत, ही पशुपालकांची तक्रार रास्त आहे.

तीन हजारांहून कमी वस्तीच्या या पालिकेत आज ज्या संस्था आहेत, त्या मोठ्या शहरालाही हेवा वाटावा अशा आहेत. १९७३ मध्ये येथे नॉर्डिक सामी संशोधन संस्था आली, १९८१ मध्ये बेआइव्वाश हे सामी नाट्यगृह उभे राहिले. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या सामी विद्यापीठात अध्यापनाची मुख्य भाषा सामीच आहे. २००५ पासून आंतरराष्ट्रीय रेनडिअरपालन केंद्रही येथेच आहे. 'पाथफाइंडर' हा १९८७ चा सामी भाषेतील चित्रपट ऑस्कर नामांकनापर्यंत पोहोचला. त्याचे दिग्दर्शक निल्स गाउप याच गावचे. १८५२ च्या उठावावरील २००८ चा चित्रपटही त्यांचाच.

सत्यशोधन आयोगाने सामी व इतर अल्पसंख्याकांवरील सक्तीच्या नॉर्वेजियनीकरणाचा अहवाल जून २०२३ मध्ये संसदेला सादर केला. नोव्हेंबर २०२४ मध्ये संसदेने अधिकृत क्षमायाचना केली. त्याच वर्षी काउतोकेइनोत 'चोआर्वेमात्ता' ही नवी इमारत खुली झाली. शिंगाचे मूळ, त्याचा सर्वांत बळकट भाग, असा त्या नावाचा अर्थ आहे. नाट्यगृह, सामी माध्यमिक शाळा आणि रेनडिअरपालनाचे शिक्षण देणारी शाळा या तिन्ही आता तेथे एका छपराखाली आहेत.

गाव पूर्ण भरलेले पाहायचे असेल तर ईस्टरच्या सुमारास जावे. कळप किनाऱ्याकडे निघण्यापूर्वी सर्व कुटुंबे एकत्र असण्याचे हे शेवटचे दिवस असतात. म्हणून लग्ने, बारसे, रेनडिअरच्या शर्यती आणि योइक गायनाची स्पर्धा हे सारे याच आठवड्यात उरकले जाते. रंगीत फितींच्या ओळी लावलेले 'गाक्ती' पोशाख रस्त्यावर दिसू लागतात. त्यानंतर काही आठवड्यांतच अनेक घरांची दारे बंद होतात, आणि ती शरद ऋतूत कळप परतल्यावरच उघडतात.